एक डोळा मिटून बघणारे दाजी

उमापूरच्या चौकात मी एका बाईला सरपंचपदाची उमेदवार करून टाकलं. तिला विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही विचारलं नव्हतं. कुठल्या पॅनलनं सांगितलं होतं, असंही नाही. बोर्डाची खालची पट्टी मोकळी दिसत होती, म्हणून मी तिथं 'भावी सरपंच' असं टाकलं आणि चहा प्यायला गेलो. त्या दिवशी माझ्या हातून बिनचूक झालेलं काम म्हणजे तेवढा चहा.

ती बाई दाजींची बायको. आणि मला सांगायचं आहे ते दाजींबद्दल.

गेवराईत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, दहावा, सगळ्याचे बोर्ड आम्ही करतो आणि त्यावरचा मजकूर मी लिहितो. तुम्ही सोलापूर-धुळे रस्त्यानं कधी गेला असाल तर तुम्ही माझं लिखाण वाचलेलं आहे. चौकाचौकात हात जोडून उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर 'गोरगरिबांचा आधार', 'युवकांच्या काळजाचा ठोका' असं जे असतं, ते पुष्कळदा माझंच. ज्याला स्वतःच्या घरचा गळका नळ नीट करता आला नाही, अशा माणसाला मी विकासपुरुष केलेलं आहे.

मी लिहायचो आणि दाजी बांधायचे. नऊ वर्षं. नात्यानं ते माझे कोणी नव्हेत. पण त्यांची बायको कौशल्या ही उमापूरची लेक, आणि मीही उमापूरचाच. गावची लेक ती बहीण, तिचा नवरा तो सगळ्या गावाचा दाजी. त्यामुळे पगार मी देत असलो तरी 'दाजी, चहा घेता का' असं मलाच विचारावं लागायचं. ते मला पाव्हणं म्हणायचे.

दाजींची बांधायची एक रीत होती. शिडीवर चढायचे, बोर्डाच्या मागच्या बाजूनं सुतळी ओढायचे, तोंडात धरलेल्या दुसऱ्या सुतळीनं गाठ मारायचे. बोर्डाची पुढची बाजू त्यांना दिसायचीच नाही. मग खाली उतरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. ट्रकवाले हॉर्न मारायचे, शिव्या घालायचे. दाजी डावा डोळा मिटून बघायचे. मजकूर वाचायचे नाहीत, फोटो कुणाचा आहे तेही नाही. वरची कड सरळ आहे का, एवढंच. सरळ असली की म्हणायचे, "चालतंय."

त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द म्हणून हाच एक होता. पावसाला, पोराच्या लग्नाला, नव्या मोटारसायकलला, देवळाच्या कळसाला, सगळ्याला तोच.

एकदा एका पुढाऱ्यानं गाडी थांबवून त्यांना विचारलं, कसा दिसतोय? पंधरा फुटांचा त्याचा फोटो होता. दाजींनी डोळा मिटला आणि म्हणाले, "चालतंय." पुढारी पुढचं ऐकायला थांबला. पुढचं काही आलं नाही. मग मी मध्ये पडून दहा-बारा विशेषणं लावली, ती सगळी मला तोंडपाठ होती. पुढारी हसला. पण गाडीत बसताना तो परत दाजींकडंच बघत होता. माझ्या दहा-बारा शब्दांनी त्याचं पोट भरलं नव्हतं. मी तेव्हा यातून काही शिकायला हवं होतं. मी त्याचं बिल करायला बसलो.

दाजींच्या घरी मी पुष्कळदा जेवायला जायचो. गेवराईच्या बाहेर दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला पत्र्याचं फाटक. कौशी चुलीपुढं बसायची. गरम भाकरी, वांग्याचं कोरड्यास, शेंगदाण्याची चटणी. मी पहिल्या घासापासून कौतुक सुरू करायचो, धंद्याची सवय. असं वांगं तालुक्यात कुठं होत नाही, असं मी तिला सांगायचो. ती हसायची आणि नवऱ्याकडं बघायची. दाजी खाली मान घालून जेवत असायचे. ती मुद्दाम विचारायची, कसं झालंय?

"चालतंय."

"बघा दादा," ती मला म्हणायची, "तुमच्या बोर्डालाबी तेच, आन् माझ्या भाकरीलाबी तेच."

आम्ही तिघंही हसायचो. तिघंही, असं मला वाटायचं. आता आठवून बघतो, तर शेवटची दोन-तीन वर्षं ती हसत नव्हती. ती ताट उचलत होती.

त्यांना मूल नव्हतं. चौदा वर्षं झाली होती लग्नाला. दुसरी करा, असं दाजींना कितीकांनी सांगितलं, त्यात त्यांचे सख्खे चुलतेही होते. हे सांगणं एकदा माझ्या दुकानातच झालं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, शिडी खांद्यावर टाकली आणि निघून गेले. चुलत्यांशी त्यानंतर बोलले नाहीत. ही गोष्ट त्यांनी कौशीला कधी सांगितली नाही. मला माहीत होती, मीही सांगितली नाही. मी छापून द्यायच्याच गोष्टी बोलतो.

मग तो उन्हाळा आला. नारायणगडाच्या वाटेवर कमानी बांधायच्या होत्या, म्हणून दाजी आठ-दहा दिवस बाहेर होते. त्यांच्या घरामागं न्हाणी म्हणजे चार पत्र्यांचा आडोसा होता. कौशीनं ते पत्रे काढले. शेजारी कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, तिथल्या गवंड्याकडं दोन दिवस बघत बसली, उरलेल्या विटा मागून आणल्या, शिलाईचे साठवलेले पैसे घालून सिमेंट घेतलं आणि एकटीनं न्हाणीच्या तीन भिंती उचलल्या. हाताची सालं निघाली. शेवटच्या दिवशी मी तिकडून गेलो तेव्हा ती भिंतीवर पाणी मारत होती. मला म्हणाली, आज येणारेत. अंगावर सणाची साडी होती.

दाजी आले. पिशवी ठेवली. ती त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेली. त्यांनी डावा डोळा मिटला.

"उजवीकडं जरा कललंय," म्हणाले. पाणी प्यायले आणि आडवे झाले. दहा दिवसांचा शीण होता.

कौशी आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी एक पिशवी घेऊन उमापूरला माहेरी गेली.

मला हे कळलं ते शिडीवरून. मी खाली शिडी धरून उभा होतो, वरून आवाज आला, तुमची बहीण गेली. मी विचारलं, बाजाराला का? बराच वेळ वर सुतळीचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "न्हाई. गेली."

त्यानंतर दाजी दोनदा तिला आणायला गेले आणि दोन्ही वेळा एकटेच आले. मी विचारलं, काय झालं?

"गेलतो. च्या पिलो. आलो."

"अहो, पण बोलणं काय झालं?"

"ती म्हणली, का म्हणून आलात?"

"मग?"

"म्हणलो, असंच."

मी कपाळावर हात मारला. दाजी माझ्याकडं बघत राहिले. आपण नेमकं काय चुकलो हे त्यांना खरंच कळलेलं नव्हतं, आणि काहीतरी चुकलो हे पुरतं कळलेलं होतं. माणूस असा अडकलेला मी तोवर पाहिला नव्हता. बोर असो, विहीर असो, अडकलेल्याला वरून दोर सोडता येतो. इथं दोर कुणी वळायचा?

हळूहळू दाजी खचत गेले. मी दुकान उघडायला यायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेले असायचे. चिवड्याची पुडी फोडून दिवस काढायचे. पँट कमरेला सुतळीनं बांधलेली. एके दिवशी बीडच्या रस्त्याला एक बोर्ड बांधून आले. त्या गिऱ्हाइकाचा फोन आला की बोर्ड वाकडा आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, असंल.

आणि मग त्यांनी मला ते विचारलं. दुपारची वेळ होती, मशीन बंद होतं, दोघंच होतो. "पाव्हणं, तुमी साऱ्या जगाला शब्द देता. मला एक द्या. तिला पोचंल असा."

सांगतो, मला अभिमान वाटला. चार दिवस मी लिहीत होतो. 'संसाराची शिल्पकार' लिहिलं. 'त्यागाची मूर्ती' लिहिलं. 'जिच्या कष्टाला तोड नाही' लिहिलं. दाजी ऐकायचे आणि मान हलवायचे, ही ती न्हाई. मी वैतागलो. विचारलं, मग तुम्हीच सांगा, तिच्यातलं तुम्हाला काय आवडतं? दाजी उठून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पायरीवर बसले, आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाले,

"मी झोपलेलो असलो, तर ती फाटक वाजू देत न्हाई. पत्र्याचं हाय ते. उचलून धरती आन् मग लावती."

मी हसलो.

वाचकहो, या जागी तुम्ही मला काय म्हणाल ते मी ऐकायला तयार आहे. चौदा वर्षांतून दोन दिवस खोदून त्या माणसानं एक खरी गोष्ट बाहेर काढली होती. ती छापायची गरज नव्हती, कुठं लिहायचीही नव्हती. फक्त त्याला म्हणायला हवं होतं, दाजी, उठा, पुढची एसटी धरा आणि हेच तिला सांगा. त्याऐवजी मी हसलो आणि म्हणालो, फाटकाचं काय बोर्डावर घालता, दाजी. ते म्हणाले, मग ऱ्हाऊ द्या. तुमाला बरं वाटंल ते लिवा.

मला बरं वाटलं ते मी लिहिलं.

बोर्डाची कल्पना माझीच. उमापूरच्या चौकात तिचा मोठा फोटो लावायचा, साऱ्या गावासमोर मान द्यायचा, आणि मग दाजींनी तिला घ्यायला जायचं. निवडणुकीचे दिवस होते आणि गावचं सरपंचपद बाईमाणसासाठी सुटलं होतं. दिवसाला सात-आठ ताईंचे बोर्ड निघत होते. मी त्यातलाच एक उघडला, त्यातली ताई काढली, कौशी बसवली. वर लिहिलं 'जिच्या कष्टाला तोड नाही'. खाली 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ' आधीपासून होतंच, ते राहू दिलं, शोभत होतं. शेवटची पट्टी मोकळी होती. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, दाजींनी बांधताना वाचलं नाही का? मी सांगितलं ना, ते मागून बांधायचे. बायकोचा बोर्डही त्यांनी मागूनच बांधला. खाली उतरून डोळा मिटून कड बघितली, आणि कधी नव्हे ते अंगावर धुतलेला सदरा होता तो खाली ओढला. पण तिच्या दारात जायचा धीर झाला नाही. उद्या जातो म्हणून गेवराईला परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कौशीच्या भावाचा फोन आला. तो दिवाळीपासून स्वतःच्या बायकोला सरपंच करायच्या तयारीत होता. तिचे बोर्डही माझ्याकडूनच गेले होते. त्यानं सुरुवातच अशी केली, "काय बे, बहिणीला भावाच्या इरोधात उभी करतो का?" मी समजावून सांगायला गेलो. तो म्हणाला, समोरच्या पॅनलनं तिला फोडली हे गावातलं शेंबडं पोरगंबी सांगतंय, तू मला शिकवू नको. फोन ठेवायच्या आधी त्यानं मला आणखी चार शब्द ऐकवले. तेवढे जिवंत शब्द मी कुठल्याही बोर्डावर लिहिलेले नाहीत.

मी दाजींना सांगितलं. सगळं सांगितलं, पट्टीसकट. ते रागावतील म्हणून मी टेबलाच्या पलीकडं उभा होतो. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, तिला घरात ठिवलंय का? आणि शिडी उचलली.

आम्ही उमापूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि बाजाराचा दिवस होता. चौक भरलेला. दाजी शिडी लावून वर चढले, मी खाली धरून उभा. माणसं जमायला लागली. कुणी विचारलं, ताईंचं चिन्ह काय? कुणी विचारलं, खर्च कोण करतंय बे? कुणी म्हणालं, घर सोडून आलेली बाई गाव काय सांभाळणार. दाजींनी एक सुतळी कापली. बोर्डाची एक बाजू लोंबली. मग ते तसेच शिडीवर थांबले आणि लोकांकडं तोंड केलं. बोर्डाची पुढची बाजू आणि दाजींचं तोंड एका दिशेला असलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"ती उभी न्हाई," ते म्हणाले. "ती माजी बायको हाय. मला बोलता येत न्हाई म्हणून ह्यांच्याकून लिवून घेतलं."

गर्दीतून कुणीतरी हसलं.

"तिनं एकटीनं न्हाणी बांदली. मी म्हणलो भिंत कललीय. ती गेल्यावर मी गवंड्याचा वळंबा लावून बघितला. चारदा बघितला. भिंत सरळ हाय." एवढं बोलून त्यांनी तोंड पुसलं. "लई सरळ हाय."

आता कोणी हसलं नाही. मी मागं वळून बघितलं. चौकाच्या कडेला, पिठाच्या गिरणीच्या सावलीत कौशी उभी होती. पायाशी तीच पिशवी. भावानं सकाळीच ती पिशवी ओट्यावर आणून ठेवली होती.

दाजींनी बाकीच्या सुतळ्या कापल्या, उतरून बोर्ड गुंडाळला आणि तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. लोक बाजूला झाले. मी मात्र पुढं सरकलो, मला ऐकायचं होतं.

"एवढं बोलता येतंय," ती हळू म्हणाली, "तर घरात दोघंच होतो तवा तोंडाला काय झालतं?"

दाजी म्हणाले, "चल घरी."

"आता आले तर लोक म्हणतील, भावानं काढली म्हणून आली. तुमी म्हणणार न्हाईत, पण तुमाला वाटंल. मला तसं यायचं न्हाई."

तिनं पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. दाजी तिच्या मागं दहा पावलांवर, काखेत बोर्डाची गुंडाळी. एसटी आली. ती चढली. दाजी चढले नाहीत. तिनं त्यांना चढा म्हटलं नव्हतं, आणि न सांगता चढायचं त्यांना सुचलं नाही. शिडी मला एकट्याला आणावी लागली.

मांजरसुंब्याला रस्त्यालगत एक धाबा आहे. 'भाकरी करणारी बाई पाहिजे, राहायची सोय आहे' असा त्यांचा बोर्ड मीच केला होता. एकही विशेषण नसलेला. माझ्या दुकानातून गेलेल्या हजारो बोर्डांतला कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाचा तो एकच ठरला. कौशी तिथं लागली. दर्शनी भागात चूल, तिच्यापुढं ती, आणि मागं एक खोली.

दाजी दर गुरुवारी तिथं जायला लागले. सुट्टी मागायचे नाहीत, बुधवारी संध्याकाळी नुसतं सांगायचे, उद्या न्हाई. शुक्रवारी मी खोदून खोदून विचारायचो. पहिल्या गुरुवारी लांबच्या बाजेवर बसून जेवले आणि आले. दुसऱ्या गुरुवारी तिनं स्वतः वाढलं. पुढं एका शुक्रवारी दाजी आले ते निराळेच दिसत होते. म्हणाले, कोरड्यासात मीठ जास्ती झालतं, मी तिला सांगितलं.

मी म्हटलं, अहो, हे काय सांगितलंत?

"ती हसली," दाजी म्हणाले. "म्हणली, चौदा वर्सांत पैल्यांदा चव घेतली तुमी."

त्या दिवशी दाजींनी चार बोर्ड बांधले आणि चारही सरळ होते.

असे दोन-तीन महिने गेले. मग एका सोमवारी दाजींनी पक्कड, सुतळीचा गुंडा आणि शिडीच्या साखळीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी आता तिकडंच जातो, म्हणाले. मी त्यांना मिठी मारली. त्यांना मिठी मारून घेता येत नाही, हात कुठं ठेवायचे ते कळत नाही. गेले.

मला वाटलं, जुळलं. गावभर सांगितलं. आपल्या बोर्डामुळंच जुळलं, असंही सांगितलं. एक नवा पोऱ्या बोर्ड बांधायला ठेवला, तो वाकडे बांधतो. महिना-दीड महिन्यानं मी पेढ्यांचा पुडा घेऊन मांजरसुंब्याला गेलो, कौतुक करायला आणि जमलं तर थोडं करूनही घ्यायला.

सकाळचे अकरा वाजले असतील. कौशी चुलीपुढं होती. मला बघितल्याबरोबर तिनं पीठ लागलेले हात तसेच धरून माझ्या मागं बघितलं. मोटारसायकलच्या मागच्या सीटकडं. मग माझ्याकडं.

मी विचारलं, दाजी कुठायत?

तिनंही तेच विचारलं, जवळजवळ माझ्याबरोबरच. ते कुठायत?

मग हळूहळू उलगडत गेलं. मला सांगितलं होतं तिकडं जातो. तिला एका ड्रायव्हरच्या हाती निरोप आला होता की दुकानात कामं लई वाढलीत, आता येणं जमणार न्हाई. मला वाटत होतं ते धाब्यावर आहेत, तिला वाटत होतं ते माझ्या शिडीवर आहेत. आम्ही दोघंही निवांत होतो. दीड महिना. फोन बंद होता, तो त्यांचा नेहमीच असायचा. मी येताना त्यांच्या घरावरून आलो होतो, दाराला कुलूप होतं, आणि ते कुलूप बघून मला आनंद झाला होता.

पेढ्यांचा पुडा मी बाजेखाली सरकवला.

मी विचारलं, शेवटी आले तेव्हा काही झालं होतं का? भांडण?

ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. गिऱ्हाइकं थांबली होती. मग तव्यावर भाकरी टाकून, तिच्याकडंच बघत बोलायला लागली.

"त्या गुरुवारी जेवले. ताटात हात धुतला. मग म्हणले, कौशे, भाकरी लई गोड झालीय. मी कान देऊन ऐकले, दादा. माज्या कानानं ऐकले. आन् माज्या तोंडातून काय गेलं... मी म्हणले, गिऱ्हाईक सगळेच म्हणतात."

भाकरीला एका बाजूनं डाग पडायला लागले होते. तिनं ती उलटली नाही.

"उठले. जेवणाचे पैसे ठेवले बाजेवर. कवाच ठेवत नव्हते. गेले."

ती म्हणाली की ती त्यांना तिथंच थांबवणार होती. पुढच्या गुरुवारी सांगू म्हणाली मनात. अजून जरा ताणू. चौदा वर्षं ऐकलं नव्हतं, एक आठवडा आणखी काय. पुढच्या गुरुवारी तिनं वेगळं कोरड्यास करून झाकून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्याही. मग तो निरोप आला. हे उलगडलं त्या दिवसापासून ती थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारते, उंच माणूस, कमरेला सुतळी, रस्त्यात मधोमध उभा राहून एक डोळा मिटून बघतो, असा कुठं दिसला का? ड्रायव्हर नाही म्हणतात आणि आणखी एक भाकरी मागतात.

पण त्या वेळी मला काय बोलावं ते सुचेना. माझं असं होत नाही. आणि न सुचणं सहन झालं नाही, म्हणून मी बोललो. मी म्हटलं, कौशे, तू काळजी सोड. मी आजच बसतो. दाजींचा मोठा फोटो टाकतो, वर 'आपण यांना पाहिलंत का', खाली माझा नंबर. गेवराईपासून इथपर्यंत एक चौक सोडत नाही. मजकूर असा करतो, की वाचणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे.

भाकरी करपल्याचा वास सुटला होता. कौशीनं ती उचलून बाजूला टाकली आणि माझ्याकडं बघितलं.

"बांदणारा मानूसच गेलाय, आन् तुमी बोर्ड लावा," ती म्हणाली. "लिवणं बास करा, दादा. उठा, पायानं हुडका."